वाणीचे स्थान शोधणारा वैद्य

मनुष्याला लाभलेल्या देणग्यांमध्ये वाणीची देणगी फार मोठी होय. मनात विचार यावा आणि त्याच क्षणी तो शब्दरूप होऊन ओठांबाहेर पडावा, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडलेली असते की तिच्यात काही नवल आहे असे आपल्याला वाटतही नाही. दोन वर्षांचे मूल तांब्याकडे बोट दाखवून पाणी मागते, तेव्हा घरच्या माणसांना कौतुक वाटते. परंतु पाणी हा शब्द त्या चिमुकल्या डोक्यात कोठे होता आणि तो उच्चारण्याची आज्ञा जिभेला कोणी दिली, असा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील एका शल्यवैद्याने या प्रश्नाचा ध्यास घेतला आणि भक्कम पुराव्यानिशी त्याचे उत्तर शोधण्यास आरंभ केला. त्या शल्यवैद्याचे नाव पॉल ब्रोका.

ब्रोका यांचा जन्म २८ जून १८२४ रोजी फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात झाला. बोर्दो या प्रसिद्ध शहराच्या पूर्वेस दॉर्दोन्य नदीच्या काठी सेंत-फ्वा-ला-ग्रांद नावाचा एक लहानसा गाव आहे. तेथे त्यांचे वडील वैद्यकीचा व्यवसाय करीत. नेपोलियनच्या सैन्यात शल्यवैद्य म्हणून त्यांनी काम केले होते. आई प्रोटेस्टंट पंथाच्या एका धर्मोपदेशकाची कन्या होती. घरात शिस्त होती, विद्येची आवड होती आणि खरे बोलण्याचा आग्रह होता. लहानगा पॉल अभ्यासात हुशार निघाला. वयाच्या सोळाव्या वर्षी त्याने शालेय शिक्षण संपवून पदवी मिळवली आणि सतराव्या वर्षी वडिलांचाच व्यवसाय पत्करण्यासाठी तो पॅरिसला गेला.

पॅरिसमध्ये ब्रोका यांनी शरीररचनाशास्त्राचा कसून अभ्यास केला. मृत शरीराचे विच्छेदन करून रोगाचे मूळ कोठे आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, असे त्या काळच्या पॅरिसमधील वैद्यांचे शिक्षण असे. ब्रोका यांचा हात त्या कामात लवकरच तयार झाला. सूक्ष्मदर्शक यंत्र अनेक जुन्या वैद्यांना अजून परके वाटत होते. ब्रोका यांनी मात्र त्याच्या साहाय्याने कर्करोगाच्या गाठींचे निरीक्षण केले. हळूहळू एक निष्णात शल्यवैद्य म्हणून त्यांचा लौकिक झाला.

परंतु ब्रोका यांची जिज्ञासा रुग्णालयाच्या भिंतींत मावणारी नव्हती. मनुष्यप्राणी कसा घडला, त्याचे शरीर आणि त्याची बुद्धी यांचा संबंध काय, या प्रश्नांचा विचार करण्यासाठी १८५९ मध्ये त्यांनी पॅरिस येथे मानवशास्त्राची एक संस्था स्थापन केली. त्या वेळी फ्रान्समध्ये सम्राट तिसरा नेपोलियन याची सत्ता होती. असल्या विषयांवर मोकळी चर्चा झाली तर राज्याला आणि धर्माला धोका पोहोचेल, अशी भीती अधिकाऱ्यांना वाटे. म्हणून संस्थेच्या सभांना एका पोलीस अधिकाऱ्याने हजर राहावे, अशी अट घालण्यात आली. अशा पहाऱ्यातही त्या सभांत विद्वानांचे मोठे वादविवाद रंगत.

त्यांपैकी एक वाद मेंदूविषयी होता. माणसाचा मेंदू अक्रोडाच्या गरासारखा दिसतो. त्याचे डावा आणि उजवा असे दोन अर्धगोल असतात आणि त्याच्या पृष्ठभागावर अनेक वळ्या असतात. या वळ्यांना वेगवेगळी कामे वाटून दिलेली आहेत, की सर्व मेंदू एकदिलाने सर्व कामे करतो, हा वादाचा मुद्दा होता. फ्रान्झ गाल नावाच्या जर्मन वैद्याने पूर्वी असे सांगितले होते की मेंदूचे निरनिराळे भाग निरनिराळ्या गुणांची स्थाने आहेत. इथवर ठीक होते. परंतु कवटीवरील उंचवटे चाचपून माणसाचा स्वभाव ओळखता येतो, असेही तो म्हणू लागला आणि त्यामुळे त्याचे सारेच म्हणणे अनेक शास्त्रज्ञांना त्याज्य वाटू लागले. फ्लुरांस या शास्त्रज्ञाने पक्ष्यांवर प्रयोग करून मेंदू हा एकसंध रीतीने काम करतो असे मत मांडले. दुसरीकडे बुयो नावाचे वयोवृद्ध वैद्य १८२५ पासून सांगत होते की वाचा गेलेल्या रुग्णांच्या मेंदूचा कपाळामागचा भाग बिघडलेला आढळतो. त्यांचे जावई ओबुर्ताँ हे मानवशास्त्र संस्थेत सासऱ्यांची बाजू हिरिरीने मांडत. दोन्ही पक्षांकडे युक्तिवाद पुष्कळ होते. निर्विवाद पुरावा मात्र कोणापाशी नव्हता.

तो पुरावा अकस्मात ब्रोका यांच्या हाती आला. पॅरिसजवळ बिसेत्र नावाचे एक प्रचंड रुग्णालय होते. निराधार वृद्ध, असाध्य रोगी आणि वेडसर माणसे यांना तेथे आश्रय मिळे. ब्रोका तेथे शल्यवैद्य होते. ११ एप्रिल १८६१ रोजी त्यांच्या विभागात एक रुग्ण आणण्यात आला. त्याचे वय ५१ वर्षांचे होते आणि त्याचा उजवा पाय पावलापासून वरपर्यंत सडत चालला होता. त्याचे नाव लबोर्न्य. परंतु त्या नावाने त्याला कोणीच ओळखत नसे. सर्व रुग्णालय त्याला तां म्हणत असे, कारण तां हे एकच अक्षर त्याला उच्चारता येई. काहीही विचारले की तो तां तां असे उत्तर देई.

लबोर्न्य जोडे बनवण्यासाठी लागणारे लाकडी साचे तयार करीत असे. तरुणपणापासून त्याला अपस्माराचे झटके येत. तरीही वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत तो आपल्या हातांच्या कष्टावर जगत होता. मग त्याची वाचा गेली. ती परत येईना, तेव्हा त्याला बिसेत्रमध्ये ठेवण्यात आले. तेथे त्याने २१ वर्षे काढली. पहिली काही वर्षे तो हिंडतफिरत असे, लोकांचे बोलणे त्याला समजत असे आणि हातवाऱ्यांनी तो आपले मनोगत सांगे. समोरच्याला त्याच्या खुणा उमगल्या नाहीत की तो संतापे आणि त्या संतापाच्या भरात एक शिवी मात्र त्याच्या तोंडून स्पष्ट बाहेर पडे. दहा वर्षांनी त्याचा उजवा हात लुळा पडला. पुढे उजवा पायही गेला आणि तो अंथरुणाला खिळला. सोबतच्या रोग्यांना तो आवडत नसे. तो स्वार्थी आहे, सूड घेणारा आहे, चोरटाही आहे, असे ते म्हणत. आपल्यावरचा आरोप खरा की खोटा हे सांगण्यासाठी त्या बिचाऱ्यापाशी तां या अक्षराखेरीज दुसरा शब्द नव्हता.

ब्रोका यांना पायाच्या रोगावर उपचार करायचे होते. परंतु या माणसाचे न बोलणे त्यांच्या मनाला लागून राहिले. त्याची जीभ हलत होती, घसा ठीक होता, आवाजही स्वच्छ होता. मग शब्द का येत नाही? त्याला बोलता येत नाही, की बोलण्यासारखे काही त्याच्या मनातच येत नाही? ब्रोका त्याच्या खाटेपाशी बसले आणि उत्तर देता येईल असे प्रश्न त्याला विचारू लागले. तू येथे किती वर्षे आहेस, असे त्यांनी विचारले. लबोर्न्यने डाव्या हाताची पाच बोटे चार वेळा उघडली आणि मग एक बोट वर केले. हिशेब बरोबर एकवीस झाला. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न केला असता पुन्हा तेच उत्तर मिळाले. तिसऱ्यांदा विचारताच आपली परीक्षा चालली आहे हे त्याच्या लक्षात आले आणि त्याने रागावून आपली ती नेहमीची शिवी हासडली. घड्याळ दाखवले तर तो किती वाजले ते बोटांनी सांगे. कोणता अवयव आधी निकामी झाला, असे विचारल्यावर त्याने क्रमाने आधी जीभ, मग उजवा हात आणि शेवटी उजवा पाय दाखवला. काही प्रश्नांची उत्तरे मात्र त्याला नीट देता आली नाहीत आणि तीही ब्रोका यांनी प्रामाणिकपणे नोंदवून ठेवली. तरीही एक गोष्ट उघड झाली. या माणसापाशी आठवण होती, मोजण्याची शक्ती होती आणि चीडही होती. विचारांपासून शब्दांपर्यंत जाणारी वाट तेवढी बंद झाली होती.

उजव्या अंगाचा लुळेपणा हीसुद्धा एक महत्त्वाची खूण होती. शरीराच्या उजव्या बाजूचे चलनवलन मेंदूच्या डाव्या अर्धगोलाकडून होते, हे वैद्यांना ठाऊक होते. तेव्हा बिघाड डाव्या बाजूस असावा, असा तर्क ब्रोका यांनी केला. रुग्ण जगणार नाही हे दिसतच होते. ब्रोका यांनी ओबुर्ताँ यांना मुद्दाम बोलावून घेतले आणि रुग्ण तपासण्यास सांगितले. पुरावा समोर येण्यापूर्वीच कसोटी ठरलेली असावी, म्हणजे नंतर कोणी शब्द फिरवू नये, हा त्यामागील हेतू होता. ओबुर्ताँ यांनी रुग्णाला तपासले आणि ही कसोटी मान्य केली.

१७ एप्रिल रोजी लबोर्न्य मरण पावला. चोवीस तासांच्या आत ब्रोका यांनी शवविच्छेदन केले आणि दुसऱ्याच दिवशी, १८ एप्रिल १८६१ रोजी, त्याचा मेंदू संस्थेच्या सभेपुढे ठेवला. डाव्या अर्धगोलात, कपाळाच्या मागे, खालच्या अंगास असलेली तिसरी वळी नष्ट झाली होती. त्या ठिकाणी कोंबडीचे अंडे मावेल एवढी पोकळी पडली होती. बुयो आणि ओबुर्ताँ यांच्या म्हणण्याला असा आधार यापूर्वी मिळाला नव्हता.

तथापि एका उदाहरणावरून नियम ठरत नाही, हे ब्रोका जाणून होते. त्याच वर्षी काही महिन्यांनी लेलाँ नावाचा ८४ वर्षांचा एक वृद्ध मजूर मांडीचे हाड मोडल्यामुळे त्यांच्याकडे आला. दीड वर्षापूर्वी झटका आल्यापासून त्याची भाषा अवघ्या पाच शब्दांवर येऊन ठेपली होती. हो, नाही, नेहमी आणि तीन या अर्थांचे चार फ्रेंच शब्द आणि पाचवे त्याचे स्वतःचे नाव, तेही अर्धवटच. कोणतीही संख्या सांगायची झाली तरी त्याच्या तोंडून तीन हाच शब्द निघे. परंतु खरी संख्या तो बोटांनी दाखवून आपली चूक दुरुस्त करी. म्हणजे संख्या त्याच्या मनात बिनचूक होती. जिभेवर मात्र भलताच शब्द येत होता. तो वारल्यावर ब्रोका यांनी त्याचाही मेंदू पाहिला. बिघाड पहिल्याहून पुष्कळ लहान होता. पण जागा तीच! ते पाहून ब्रोका थक्क झाले.

यानंतर अशा रुग्णांची उदाहरणे ते जमवू लागले. १८६३ पर्यंत त्यांच्यापाशी आठ रुग्णांच्या नोंदी जमल्या आणि आठही जणांच्या मेंदूचा बिघाड डाव्याच बाजूस होता. मेंदूचे दोन्ही अर्धगोल दिसायला सारखे असतात. दोन डोळे किंवा दोन कान यांप्रमाणे त्यांचे कामही सारखेच असणार, असे त्या काळी सर्वजण मानीत. त्यामुळे वाणी एकाच बाजूस राहते ही गोष्ट ब्रोका यांना स्वतःलाही चमत्कारिक वाटली. त्यांनी ती लोकांपुढे मांडली. परंतु निष्कर्ष काढण्याची घाई केली नाही. आणखी पुरावा हाती आल्यावर १८६५ मध्ये त्यांनी निश्चयपूर्वक जाहीर केले की बहुतेक माणसे भाषेचे काम मेंदूच्या डाव्या अर्धगोलाने करतात. दक्षिण फ्रान्समधील मार्क डाक्स या वैद्याने हीच गोष्ट १८३६ च्या एका लेखात नमूद केली होती, असे त्याच्या मुलाने याच सुमारास पुढे आणले. त्यामुळे शोधाचा पहिला मान कोणाचा, याविषयी वाद झाला. डाक्स यांचा लेख तोवर अप्रकाशित होता. मेंदूतील नेमकी जागा प्रत्यक्ष दाखवण्याचे श्रेय ब्रोका यांच्याकडेच राहिले.

या शोधाचा रुग्णांना काय उपयोग, हाही विचार ब्रोका यांच्या मनात होता. वाचा गेलेला माणूस वेडा नव्हे, मंदबुद्धीही नव्हे, हे लोकांना कळणे हा पहिला लाभ होता. वाचा गेलेल्या एका प्रौढ रुग्णाला त्यांनी मूळाक्षरांपासून पुन्हा शिकवून पाहिले. अक्षरे त्याला येऊ लागली; त्यांचे शब्द जुळवणे मात्र कठीण गेले. तरीही ब्रोका निराश झाले नाहीत. डावी बाजू निकामी झाली तर उजव्या बाजूला भाषा शिकवता येईल, असे त्यांना वाटे. परंतु त्यासाठी तान्ह्या मुलाला बोलायला शिकवणाऱ्या आईची चिकाटी शिक्षकाच्या अंगी हवी, असे ते सांगत. आज वाचाघात झालेल्या रुग्णांना बोलण्याचा सराव देणारे तज्ज्ञ असतात. त्या कार्याचा एक आरंभ येथे आहे.

भाषेचे सारे रहस्य मात्र एका वळीत सामावलेले नव्हते. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके या २६ वर्षांच्या जर्मन वैद्याने वेगळ्याच प्रकारच्या रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. हे रुग्ण न अडखळता भराभर बोलत. पण त्यांच्या बोलण्याला अर्थ नसे आणि दुसऱ्याचे बोलणेही त्यांना समजत नसे. त्यांचा बिघाड डाव्या अर्धगोलातच, पण कानाच्या बाजूस होता. यावरून वेर्निके यांनी असे अनुमान काढले की ऐकलेल्या शब्दांचे ज्ञान एका ठिकाणी आणि बोलण्याची जुळणी दुसऱ्या ठिकाणी होते आणि ही दोन ठिकाणे मज्जातंतूंनी जोडलेली असतात. ब्रोका यांनी एक गाव शोधला होता. वेर्निके यांनी दुसरा गाव आणि त्यांना जोडणारा रस्ता दाखवला.

ब्रोका यांचे सर्वच विचार काळाच्या कसोटीला उतरले असे नाही. माणसांच्या कवट्या मोजण्याचा त्यांना मोठा नाद होता. मेंदूच्या आकारावरून बुद्धीचे माप काढता येते, असे त्यांना वाटे आणि त्यावरून त्यांनी स्त्रियांना पुरुषांपेक्षा व काही मानववंशांना इतरांपेक्षा कमी लेखले. ही मते साफ चुकीची होती. मोजमापे करताना ते अत्यंत दक्ष असत. परंतु समाजातील जुना समज खराच आहे असे त्यांनी आधीच गृहीत धरले होते आणि त्यामुळे आकड्यांचा अर्थ त्यांनी चुकीचा लावला. एकाच माणसाच्या हातून सत्याचा शोध आणि अन्याय करणारी चूक, दोन्ही घडू शकतात. थोरांचे चरित्र वाचताना हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

१८८० साली ब्रोका यांची फ्रान्सच्या सिनेट सभेवर तहहयात सभासद म्हणून निवड झाली. परंतु हा मान त्यांना फार दिवस लाभला नाही. त्याच वर्षी ९ जुलै रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी, पॅरिस येथे त्यांना अचानक मृत्यू आला. पुढे १८८९ मध्ये आयफेल मनोरा उभा राहिला तेव्हा त्यावर फ्रान्समधील ७२ शास्त्रज्ञ, अभियंते व विद्वान यांची नावे कोरण्यात आली. त्यांत ब्रोका यांचेही नाव आहे. मेंदूतील त्या भागाला तर जगातील वैद्य आजही ब्रोका यांचे क्षेत्र असेच म्हणतात.

या कथेचा एक भाग त्यांच्या मृत्यूनंतर घडला. लबोर्न्य आणि लेलाँ यांचे मेंदू ब्रोका यांनी कापून न पाहता अखंड ठेवले होते, म्हणजे पुढच्या अभ्यासकांना ते जसेच्या तसे तपासता यावेत. ते मेंदू पॅरिसच्या संग्रहालयात जपून ठेवण्यात आले. २००७ मध्ये शास्त्रज्ञांनी चुंबकीय यंत्राने त्यांच्या अंतर्भागाची चित्रे घेतली. तेव्हा असे दिसून आले की बिघाड पृष्ठभागावरील वळीपुरता नव्हता. तो आत खोलवर, मेंदूचे भाग जोडणाऱ्या मज्जातंतूंपर्यंत पोहोचला होता. भाषा हे एका जागेचे काम नसून दूरदूरच्या अनेक भागांचे सहकार्य आहे, हे आता सिद्ध झाले आहे. इतकेच नव्हे, तर हातांच्या खुणांनी बोलणाऱ्या बहिऱ्या माणसांच्या मेंदूची डावी बाजू दुखावली तर त्यांच्याही खुणांची भाषा बिघडते. यावरून हे क्षेत्र केवळ जिभेचे नसून भाषेचे आहे, हे कळून येते.

आपल्या शोधात पुढे कोणी भर घालील, कदाचित दुरुस्तीही करील, याची वाट ब्रोका यांनी मोकळी ठेवली होती. आणि ज्या माणसाला आयुष्यातील २१ वर्षे तां या एका अक्षराखेरीज काही बोलता आले नाही, ज्याचे म्हणणे ऐकून घ्यायला कोणापाशी वेळ नव्हता, त्याच्याकडून जगाला वाणीविषयी जितके कळले, तितके मोठमोठ्या वक्त्यांकडूनही कळले नव्हते. कारण एकदा एक वैद्य त्याच्या खाटेपाशी बसला आणि त्याच्या बोटांकडे पाहत राहिला.